शिडीखालच्या वहाणा

सन चव्वेचाळीस. मी एकवीस वर्षांचा होतो. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि नेवाशाकडच्या एका जिनिंग कारखान्याच्या छपराचे पत्रे माझ्या हवाली होते. शाळा दुसरीपर्यंत. पण पत्र्यावर चालावं तर मीच, हे आजही छातीवर हात ठेवून सांगतो. खिळ्यांची ओळ दिसते तिथं खाली लाकूड असतं. त्या ओळीवरूनच चालायचं, तेही अनवाणी.

वर जायला एकच बांबूची शिडी. ती गोदामातही लागायची, म्हणून कारखान्यात रीत होती. चढणाऱ्यानं वहाणा शिडीच्या पायाशी काढायच्या. वहाणा दिसल्या की माणूस वर आहे, शिडीला हात लावायचा नाही. मालकापासून हमालापर्यंत सगळे ही रीत पाळत.

त्या चैत्रात मी घोडेगावच्या बाजारातून नव्या वहाणा आणल्या. चालताना करकर वाजायच्या. दुसऱ्या दिवशी डागडुजीला चढताना मनात आलं, कापूस आणणाऱ्या गाडीवाल्यांच्या या वर्दळीत कुणी पायात घालून नेल्या तर? कुंपणाकडच्या लिंबाच्या ढोलीत त्या कोंबल्या आणि वर गेलो.

गळक्या जागी डांबर भरून कडेला आलो, तर शिडी गायब. हमालांनी गाठींची थप्पी रचायला नेली होती. वहाणा नाहीत म्हणजे मी उतरलो, असं त्यांनी धरलं. त्यांची काही चूक नव्हती.

खाली फरशी, उंची दोन पुरुषांची. इंजिनाच्या धडधडीत हाक ऐकू जाईना. पलीकडच्या आवारात गाड्या उभ्या होत्या. तिकडच्या कडेला जाऊन मुंडासं हलवलं असतं तर कुणीतरी पाहिलं असतं. पण त्या सगळ्यांपुढं मी ‘उतरवा हो मला’ म्हणायचं? नाही म्हणजे नाही. बसायला ओलं पोतं नेलं होतं, त्यावर उकिडवा बसलो. शिडी परत आली की गुपचूप उतरू.

शिडी आली नाही. पोतं वाळलं, तापलं, तळपाय भाजायला लागले. तेव्हा कुठं मुंडासं हातात घेऊन पलीकडच्या कडेकडे निघालो, तर खिळ्यांच्या एका ओळीच्या दोन दिसायला लागल्या. पाय चुकला असता तर पत्र्यासकट खाली यंत्रावर गेलो असतो. होतो तिथंच बसलो. खरं सांगतो, भ्यालो.

तेवढ्यात जेवणाच्या सुट्टीला इंजिन थांबलं. घशाला कोरड पडून माझी हाक निघेना, पण खालचं बोलणं ऐकू आलं. बायको भाकरी घेऊन आली होती आणि मुकादमाला माझी विचारपूस करत होती.

“त्यो गेला न्हवं घरी. वहाणा तरी दिसत्यात का?”

“घरी आलं असतं तर मी भाकर घिऊन उन्हाची कशाला आले असते, दादा? काल वहाणा उशाला घिऊन निजल्यात. उघड्यावर ठिवायचं न्हाईत ते. हुडका जरा.”

थोड्या वेळानं तीच ओरडली, “ढोलीत घावल्या! मानूस वरच हाय, शिडी आना!”

मुकादम स्वतः चढला. ओली पोती अंथरत माझ्यापर्यंत आला, कमरेला दोर बांधला आणि म्हणाला, “वहाणा झाडात, तू पत्र्यावर! लई हुशार गडी.”

खाली बायकोनं पाण्याची घागर माझ्या पायांवर रिकामी केली. “वहानांस्नी सावली आन पायांस्नी पत्रा. त्यांच्यासंगं लगीन लावायचं हुतं!” सगळे हसले. राग आला होता, तरी मीही हसलो. जिवंत होतो ना.

मालक म्हणाले, “भिंतीला लोखंडी शिडीच बसवू. कुणाला नेता येणार नाही. खाली जाळीचं दार करून कुलूप घालू, म्हणजे पोरंटोरंही चढायची नाहीत.”

“बसवा,” मी म्हणालो, “पण रीत काही वाईट न्हाई. मोडली ती मी.”

एवढं कबूल करताना मला पत्र्यापेक्षा जास्त भाजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रा गार होता तेव्हाच तळपायांना तूप लावून, चिंध्या गुंडाळून मी कारखान्यात गेलो. नव्या वहाणा शिडीच्या पायाशी, सगळ्यांना दिसतील अशा ठेवल्या. वर चढून बांबूच्या शिडीचं वरचं टोक दोरानं वाशाला आवळलं आणि राहिलेल्या जागी डांबर भरायला लागलो.