हवेला जागा करून देणारे मामा

आई-बाप मेंढरांमागं फिरायचे. आज सास्तूरच्या शिवारात, पंधरा दिवसांनी कर्नाटकाच्या हद्दीत. शाळा काही मेंढरांबरोबर चालत नाही, म्हणून मला लोहाऱ्याला आईच्या मावसभावाकडं ठेवलं आणि श्वास कसा घ्यावा हे कळणाऱ्या जगातल्या एकमेव माणसाच्या घरी मी वाढलो. एकमेव, हे मामांचंच मत. धंदा भजनातल्या पेट्या दुरुस्त करण्याचा. पण चाळीस वर्षं भाते उघडून त्यांना समोरचा माणूसही पेटीच दिसायचा. गाताना बुवांचे खांदे वर गेले की मामा अभंग थांबवून त्यांच्या पोटावर हात ठेवायचे. "बुवा, खांदे कशाला उचलताव? हवा काय माळ्यावर ठेवायची हाय?" एकदा उमरग्याच्या एसटीत शेजारी एक जाडजूड फौजदार धापा टाकत बसला. मामा म्हणाले, "सायेब, पट्टा ढिला करा. आतल्या श्वासाच्या पडद्याला खाली सरकायला जागा न्हाय." फौजदारानं आधी डोळे वटारले, मग उमरगा येईपर्यंत पट्टा सैल सोडून बसला.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्राणीशास्त्राच्या तोंडी परीक्षेत मी दोनदा आपटलो. श्वसनाचं इंग्रजी पाठ होतं, कळलेलं नव्हतं. "हवा आत कोण ओढतं?" असं विचारलं की मी नाक म्हणायचो. वडिलांचा निरोप आला, "औंदा न्हाय झालं तर काठी घे आन् मेंढरामागं ये." मामांनी एक पेटी माझ्यापुढं ठेवली. "वढ भाता. हवा कुणी ढकलली?"

"कुणीच नाही."

"जागा झाली म्हणून आली. आता हे भोक दाबून वढ." भाता हलेना. "छातीचं बी तसंच. पडदा खाली, फासळ्या वर, आत जागा. नाक निसतं दार हाय, त्याला कशाला मोठेपणा देतूस?"

मग मीही शिकल्याचा रुबाब दाखवला. मामांच्या मते पेटीसारखं माणसाचंही हवा आत जायचं भोक वेगळं, बाहेरचं वेगळं. नाकानं आत, तोंडानं बाहेर, असं ते धरून चालले होते. मी सांगितलं, खाली नळी एकच.  मामा दोन दिवस चहा निवत ठेवून, तोंड मिटून, नाकापुढं बोट धरून बसायचे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "म्हंजी देवानं एक भोक वाचवलं. कारागीर हुशार हाय."

तिसऱ्या खेपेला तोच प्रश्न आला. मी दोन्ही तळवे फासळ्यांवर ठेवले आणि मराठीत सांगितलं, "ओढत कुणी नाही, सर. छाती जागा करते, आतला दाब कमी होतो, हवा येते. सोडताना पडदा सैल पडतो, फासळ्या खाली बसतात, हवा जाते." परीक्षकांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं.

निकाल लागला तोवर भजनी मंडळांनी विजेवरच्या पेट्या घ्यायला सुरुवात केली होती. त्यांना भाता नसतो. मामा तसल्या पेटीकडं, नाडी लागत नसलेल्या माणसाकडं बघावं तसं बघायचे. मी गुणपत्रिका दाखवली. त्यांनी ती उजेडात धरली, बोट वरून खालपर्यंत फिरवलं.

"यात श्वासाची ओळ कोणती रं?"

"वेगळी नसते, मामा. सगळे मार्क एकत्रच."

"अस्सं," म्हणाले, आणि कागदाला घडी न पाडता परत दिला.

मी बी.एस्सी. झालो. आमच्या घरातला पहिला.