आईच्या ताटातली काकवी

टायफॉइडमधून आई उठली, पण तिचं जेवणावरून मन उडालं ते उडालंच. हिमोग्लोबिन खाली गेलं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, पण रिकाम्या पोटी त्यांनी तिला मळमळायचं. सकाळी गादी झाडताना मला त्या उशीखाली सापडायच्या.

ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "काकवी दे गं. लोह असतं तिच्यात. साखरेपेक्षा कितीतरी बरी."

त्याच संध्याकाळी मी पार्ल्यात उतरून बाटली घेतली आणि गोरेगावला घरी आले. बाबांनी झाकण उघडून वास घेतला आणि हसायलाच लागले. आरे कॉलनीतल्या म्हशींच्या गोठ्यात त्यांची सगळी नोकरी झाली होती.

"हिची चुलत बहीण आम्ही पिंपातून काढून वैरणीवर शिंपडायचो," ते म्हणाले. "मळी. साखर कारखान्यातून यायची."

पलंगावरून आईने ऐकलं. "माका म्हशीचा खाणा घालतास?"

बाबांचं हसू थांबलं. ते तिच्या पायाशी जाऊन बसले. म्हणाले, आजारातून उठलेली म्हैस कधी कधी वैरणीकडे बघतच नाही. मग ते मळी पाण्यात पातळ करून थोडी शिंपडायचे आणि तिच्याजवळ उभे राहायचे. आधी ती नुसती चाटायची. "मळीचा गुण किती, देव जाणे. पण एकदा तोंड लावलं की पुढचं सोपं."

चहापलीकडे स्वयंपाकघरात कधी न शिरलेल्या बाबांनी दुसऱ्या दिवशी घावन घातलं. फाटलं. त्यावर चमचाभर काकवी सोडून ते आईसमोर बसले.

"खा गो. एक घास."

तिने चतकोर खाल्लं. आठवडाभराने अर्धं, मग अख्खं. पोटात अन्न गेल्यावर गोळीही बाधेना. बाबा मात्र रोज तिचं खाऊन होईपर्यंत समोरून हलायचे नाहीत. त्या दोघांना इतका वेळ एकमेकांसमोर बसलेलं मी लहानपणीही पाहिलं नव्हतं.

मला मात्र जोर चढला. घरातली साखर मी कामवाल्या मावशींना देऊन टाकली आणि बाबांच्या बिनसाखरेच्या चहातही काकवी घालू लागले. बाबांना डायबिटीस. "नैसर्गिक आहे, काही होत नाही," असं मीच त्यांना ठणकावून सांगितलं.

तीन महिन्यांनी दोघांचे रिपोर्ट घेऊन आम्ही दवाखान्यात गेलो. आईचं हिमोग्लोबिन वाढलं होतं. बाबांची साखरही. मी घावनावरच्या आणि चहातल्या काकवीचं सांगितलं.

"काकवी काय, गूळ काय, शेवटी साखरच," डॉक्टर म्हणाले. "थोडं लोह असतं, पण चमच्यात किती येणार? यांना गोळ्यांनी आणि जेवणाने तारलं. तुम्ही मात्र चहात घालू नका."

माझी मान खाली गेली. रिक्षात मी बाबांना म्हटलं, "सॉरी. मी कुणाला न विचारता घातली."

"मी तरी कुठे नको म्हटलं?" ते म्हणाले. "आयता गोड चहा मिळत होता."

आईने त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं. मग मला म्हणाली, "घरी गेल्यावर कुकर लाव. साधा वरणभात. भूक लागली गो."