नाना, काहीतरी वाईट लिहा

माझ्या मुलीच्या फोटोखाली एकही चांगला शब्द न लिहिणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच आहे, आणि तो माझा सख्खा चुलता आहे. शिंदखेड्याचे नाना. फेसबुकला ते पोस्टखात्याइतकंच गंभीरपणे घेतात. प्रत्येक कमेंटखाली 'आपला, नाना, मु. पो. शिंदखेडा' अशी सही. मी माझा नवा फोटो टाकला, तर खाली 'पत्र मिळाले. तब्येत सांभाळणे.' लग्न असो की तेरावं, त्यांचा अंगठा ठरलेला. एकदा कुणाच्या दशक्रियेला लाल बदामही गेला, तर म्हणाले, "बोट जाड शे मनं."

पण गौरीचा फोटो दिसला की नानांची लेखणी खुरप्यासारखी चालायची. 'पोर वाळी गयी.' 'पोर कायी पडनी.' गौरी आठवीत असताना गॅदरिंगमधल्या तिच्या नाचाचा फोटो मी मोठ्या हौसेने टाकला. तिचे दात किंचित पुढे. नानांनी लिहिलं, 'दात खुरपाना मायेक शेतस. तोंड मिटी ले. आपला, नाना, मु. पो. शिंदखेडा.' त्यावर निम्मे भाऊबंद खदाखदा हसले, वर्गातल्या दोन मुलीही. त्या दिवसापासून गौरी फोटोत ओठ असे मिटायची, जणू पाकिटाला डिंक लावलाय. बायको म्हणाली, "तुमचे नाना आहेत, तुम्हीच बोला." मी तीन दिवस जळजळीत उत्तर जुळवलं, आणि शेवटी टाकलं काय, तर 'नाना, अभिप्रायाबद्दल आभार.' बायकोने माझ्याकडे करपलेल्या भाकरीकडे बघावं तसं बघितलं. मग मी एक शूर काम केलं: आमचे फोटो नानांना दिसणारच नाहीत, अशी मोबाइलमध्ये गुपचूप सोय केली.

बाराव्या दिवशी, सकाळच्या पॅसेंजरने, नाना जळगावला आमच्या दारात. एका हातात बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा डबा, दुसऱ्यात काळा दोरा. चप्पल काढायच्या आत विचारलं, "पोर कोठे शे? बारा दिन व्हई ग्यात, फोटू नही. मी म्हन्तं, बिमारच शे." मी 'नेटवर्क, नेटवर्क' करत राहिलो. नानांनी टॉवरला मनसोक्त शिव्या घातल्या. त्या खरं तर माझ्या होत्या, हे मी आजतागायत कबूल केलेलं नाही. तेवढ्यात गौरी बाहेर आली. जे बापाला जमलं नाही ते तिने सरळ विचारलं. "नाना, माझे दात खरंच खुरप्यासारखे आहेत?"

"कोन म्हने?"

"तुम्हीच लिहिलंत. मी किती रडले."

नाना मटकन खाली बसले. "येडी! इतली देखनी पोर, बठ्ठा गाव फोटू देखस. नजर लागी जाई ना! धाकली व्हती तवय तुना गालले काजयनी तीट लावूत. आते मोबाइलमा कसं लावू?"

मग नानांनी हळूच विचारलं, "दातले नही लिखाव. नाकले लिखू?"

"नाकाला चालेल," म्हणत गौरी हसली, सगळे दात दाखवून. नानांनी लगेच तोंड फिरवून थू थू केलं. त्याच रात्री मी मोबाइलमधली ती सोय गुपचूप काढून टाकली.

आता गौरी पुण्याला कॉलेजात असते. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. "पप्पा, फोटोखाली सगळे 'सुंदर सुंदर' लिहितायत. नानांचं काहीच नाही. बरे आहेत ना?" रविवारी मी शिंदखेडा गाठलं. नानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. मोबाइल रुमालात गुंडाळून फळीवर ठेवलेला. म्हटलं, "सांगा, मी लिहितो." गौरीचा फोटो त्यांच्यासमोर धरला. त्यांनी काचेवरून अंगठा फिरवला, जरा थांबले.

"लिख. बिलकूल चांगली नही दिसी राह्यनी. नाक मिरचीना मायेक शे."

"नाना, पण तुम्हाला फोटो दिसतोय कुठे?"

"देखाले काय लागस? चांगलीच दिसत व्हई. लिख तू."

मी लिहिलं. मु. पो. सकट.