ओल्या शिक्क्यावर फुंकर

संदीपला फसवलं गेलं ते गेल्या मंगळवारी, सकाळी बरोबर साडेअकरा वाजता, व्यसनमुक्ती केंद्राच्या खिडकीसमोर. मेथ नावाची नशेची पावडर ओढताना पकडलेल्या या वेल्डरला कोर्टाने तुरुंगाऐवजी उपचार घ्यायला सांगितलं होतं. पुन्हा नशा केली, तर थेट तुरुंग. शेजारीण म्हणून मी सोबत गेले होते. खिडकीतल्या बाईंनी त्याच्या हजेरीच्या कागदावर शिक्का मारला.

"मॅडम, डॉक्टर कधी भेटतील? सातवा आठवडा आहे हा."

"अरे, शिक्का मिळाला ना? झालं की कोर्टाचं काम!"

"कोर्टाचं झालं हो. माझी तलफ तशीच आहे."

बाई हसल्या. संदीप ओल्या शाईवर हळूहळू फुंकर घालत राहिला, भाजलेल्या बोटावर घालतात तशी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फुंकर हवी होती त्याला, आणि आपण सगळे मिळून जपतोय तो कागद! उद्या तो घसरला, तर न्यायाधीश म्हणतील, संधी दिली होती. आणि हेच सात शिक्के त्याच्याविरुद्ध साक्ष देतील.

तुमच्या गावातल्या केंद्रात जा. आत डॉक्टर बसतात का, ते स्वतः बघा. नसतील, तर कोर्टाला तसं लेखी कळवा, खाली स्वतःची सही करून.