पहिलं धिरडं

जेवणानंतरची सुस्ती आहे. प्रयोगशाळेतला पंखा कुरकुरतो आहे, आणि टेबलावर बसच्या ब्रेकचा बोर्ड आपोआप चाचण्या देत बसला आहे. ब्रेक दाबल्यापासून चाकाला हुकूम जाईपर्यंत किती वेळ लागतो, एवढंच मोजायचं. सगळे आकडे मर्यादेच्या आत आहेत. संध्याकाळी केतकीने अहवालावर सही केली, की हे बोर्ड घाटातल्या गाड्यांवर चढतील. पण ती मुळातच ताक फुंकून पिणारी. इतके शहाणे आकडे तिला बघवत नाहीत. पाणी कुठंतरी मुरतंय, असं पुटपुटत ती हातावर डोकं टेकते.

समोरच्या खुर्चीत टोपखाने सर बसलेले आहेत. ही मोजणी त्यांनीच बसवली, केतकीलाही त्यांनीच शिकवलं, आणि दिवाळीच्या आधी ते गेले. तिला भीती वाटत नाही, संशय येतो. अहवालावर पहिलं नाव त्यांचं आहे. मेलेला माणूसही आपलं नाव सांभाळायला येत असेल, कुणी सांगावं?

"सही करून घ्यायला आलात का, सर?"

टेबलाचा ओटा झालेला आहे आणि ते तव्यावर धिरडं घालताहेत. पहिलं धिरडं मोडतंच, बाजूला टाकायचं. गार बोर्डाचा पहिला आकडाही तसाच, धरायचा नाही, असं ते हसत सांगायचे. अजूनही सगळे तसंच करतात. का, असं कुणी विचारलं नाही. केतकीनेही नाही.

धिरडं मोडतं. सर तेच उलथन्यावर घेऊन तिच्यापुढे धरतात.

स्वप्नात मेलेल्या माणसाने दिलेलं घेऊ नये, असं आत्या सांगायची. केतकी हात मागे लपवते. पायाखालून रस्ता सरकायला लागतो. ती दोघं घाटातल्या बसमध्ये उभी आहेत. ड्रायव्हरने चहा संपवून नुकतीच गाडी चालू केली आहे. मागे कुणाचं तरी लेकरू खिदळतंय. समोर पहिलं वळण आहे, आणि ड्रायव्हरचा पाय ब्रेककडे जातो आहे.

"हा पहिला ब्रेकही बाजूला टाकायचा का गं?" सर विचारतात.

हे आपल्याला सावध करताहेत की अडकवताहेत, तिला कळत नाही. वळण अंगावर येतं. ती हात पुढे करते. तळव्याला चटका बसतो.

केतकी डोळे उघडते. मुठीत बोर्डाच्या वायरची, भिंतीतून उपसलेली पिन आहे. बोर्ड बंद, गार पडलेला. दाराला आतून कडी आहे. झोपेत पिन आपणच ओढली असेल, असं ती स्वतःला बजावते, आणि तिला ते पटत नाही.

ती पिन पुन्हा लावते, ब्रेक दाबते, आणि या वेळी पहिला आकडा टाकून देत नाही. तो मर्यादेच्या पार बाहेर आहे. केतकी पेनाला टोपण लावते.