ऊन लागलं, म्हणाले सगळे

माझी नात रग्बी खेळते. अंड्यासारखा लांबट चेंडू काखेत धरून पळायचं आणि समोरच्या पोरींनी कमरेला मिठी घालून पाडायचं, असा तो खेळ. आमच्याकडे कबड्डी सगळ्यांना कळते, हा कुणाला कळत नाही. पण खेळाडूंसाठी राखलेल्या जागांवर पोलिसात नोकरी लागते, एवढं माझ्या मुलाला कळलं आणि त्याला तेवढं पुरलं.

मुलाचं शेत नांदगाव खंडेश्वरकडे. पोरगी आठवीला गेली तेव्हा त्याने अमरावतीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि मला तिथे आणून बसवलं. स्वयंपाक करायचा, पोरीकडे लक्ष ठेवायचं. आमच्या गल्लीत अशा बऱ्याच आज्या आहेत. त्यांची नातवंडं शिकवणीला जातात, माझी मैदानावर जाते. संध्याकाळी मी तिच्यासोबत जाऊन कडेला बसायची. दुसरं काम तरी काय होतं.

एकदा बाहेरगावाहून एक बाई आल्या. खेळात पोरांना जपायचं कसं, हे शिकवायला. आम्हा सगळ्या पालकांना सतरंजीवर बसवलं. पोरांना शिव्या देऊ नका, पंचाच्या अंगावर जाऊ नका, रेषेच्या आत पाय टाकू नका. कुणी मोठं माणूस मुलीशी वाईट वागलं तर कुणाला सांगायचं, तेही सांगितलं. मग म्हणाल्या, डोक्याला मार लागला तरी मूल वरून चांगलंच दिसतं. ओकारी, अंधारी, भलतंच बोलणं, यातलं काही दिसलं की त्या दिवशी खेळ बंद. त्याला विचारा, आपण कुठे आहोत, आज वार कोणता, मागचा सामना कोण जिंकलं. नुसती शंका आली तरी बाहेर बसवा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पोरींना शिकवणाऱ्या सरांनी त्या नियमांचा फ्लेक्स छापून घेतला आणि प्रत्येक सामन्याला तो बांधायला लागले. माणूस वाईट नव्हता. पोरींवर हात उचलताना मी त्याला कधी पाहिलं नाही.

पुढे अकोल्याला सामने होते. होळी होऊन गेली होती. जिंकणाऱ्या संघातल्या पोरी शिबिरासाठी निवडणार आणि शिबिरातून राज्याचा संघ, असं होतं. मुलगा गावाहून थेट अकोल्याला आला. सकाळीच मैदान तापलं. काळी माती, पाणी न मारलेली, वाळून विटेसारखी कडक झालेली.

मला खेळ कळत नाही, त्यामुळे मी चेंडूकडे पाहत नाही, पोरीकडे पाहते. तिने ज्या पोरीला धरलं तिने चेंडू आधीच फेकून दिला होता. लोकांचे डोळे चेंडूमागे गेले. इकडे दोघी पडल्या आणि त्या पोरीचा गुडघा माझ्या नातीच्या कानशिलावर बसला. ती उठली, पण आपल्या पोरी सोडून दुसरीकडेच चालायला लागली.

मध्यंतरात ती माझ्याजवळ येऊन बसली आणि ओकली. मी तिचं तोंड पुसलं. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "आजी, आपल्याले अकोल्याले कधी निघायचं आहे?"

मी मुलाला हाक मारली. तोवर बाकीच्या पोरींच्या आया जमल्या होत्या. अकोल्यात ओकारी झाली की ते ऊनच, तिथे दुसरा आजार कुणाला सुचत नाही. उन्हाळ्यात लोक खिशात कांदा ठेवून फिरतात. एकीने पिशवीतून कांदा काढून फोडला आणि पोरीच्या नाकाशी धरला. दुसरीने तळपायांना चोळला. तिसरीने बाटलीतलं पन्हं पाजलं. पोरगी जरा सावरून बसली, तर म्हणाल्या, पाहा, उतरलं ऊन.

सर आले. मी सांगितलं, हिला गुडघा लागला आहे, हिला बसवा. त्यांनी पोरीलाच विचारलं. ती म्हणाली, ऊन लागलं होतं, आता बरं आहे. मुलगाही म्हणाला, ऊनच. बदली खेळायला पोरगी एकच होती आणि ती पाय मुरगळून बसली होती. सर घुटमळले. तेव्हा एक बाई मला म्हणाली, "बुढीमाय, तुमच्या एकीपायी साऱ्या पोरीइचं वाटोळं करता काय?"

"मी पाह्यलं," मी म्हणाले. "तुमी कोणीच पाह्यलं नाही."

"माय, तुले त्या खेळातलं काय समजते?" मुलगा म्हणाला. "तू गप राय."

शिट्टी झाली. पोरगी उठली, तशी मी मागोमाग गेले आणि तिचा दंड धरला. तोवर माझा पाय रेषेच्या आत गेला होता. सर लगबगीने आले. फार अदबीने बोलले. "आजी, पालकांनी आत यायचं नाही, असा नियम आहे. तुम्हीच मोडला तर मी बाकीच्यांना काय सांगू?" दोघांनी मला धरून खुर्चीवर नेऊन बसवलं. माझ्या मागेच फ्लेक्स बांधला होता. मी चौथी शिकले आहे, हळू वाचते. डोक्याच्या माराचा नियमही त्यावर होता.

आमच्या पोरी जिंकल्या. शेवटचे गुण माझ्या नातीने केले म्हणे. तिला त्यातलं काही आठवत नाही. मुलाने मैदानावर पेढे वाटले.

अमरावतीला आल्यावर तिचं डोकं दुखायचं थांबेना. मुलाने डॉक्टरला सांगितलं, ऊन लागलं, म्हणून त्यांनी सलाईन लावलं. पुढच्या खेपेला मी मुलाला न सांगता तिला मोठ्या डॉक्टरकडे नेलं आणि खरं काय ते सांगितलं. त्यांनी तपासून घेतलं. काही महिने खेळ नाही, मोबाईल नाही, वाचन थोडंच, आणि यावर पुन्हा मार बसला तर जिवावर बेतेल, असं स्पष्ट सांगितलं. मी ते मुलाला सांगितलं. तो म्हणाला, डॉक्टर लोक भेव दाखवतात. शिबिराला नाही गेली तर तिच्या जागेवर दुसरी जाईल, आणि मग कोणी विचारत नाही.

मी सरांकडेही गेले. त्यांनी खुर्ची दिली, सगळं ऐकलं, माझ्या पाया पडले. म्हणाले, तिचे वडील बरी आहे म्हणतात, ती स्वतः बरी आहे म्हणते, मग मी काय करू? निघण्याआधी मी तिला ते प्रश्न विचारीन. बरोबर सांगितलं तर नेईन, नाही तर नाही.

हे पोरीच्या कानावर गेलं. तिने मैत्रिणीकडून प्रश्न समजून घेतले आणि उत्तरं पाठ करायला लागली. मी भाकरी करत असले की मागे येऊन उभी राहायची. आजी, आज वार कोणता? मी सांगितलं की पुटपुटत बाहेर जायची, आणि तवा उतरायच्या आत पुन्हा विचारायला यायची. मी सांगायची बंद झाले, तर कॅलेंडरपुढे जाऊन उभी राहायची.

शिबिराच्या दिवशी गाडीजवळ सरांनी तिला विचारलं. तिने गाव सांगितलं, वार सांगितला, मागचा सामना कोण जिंकलं तेही सांगितलं. एकही चुकलं नाही.

मी सरांना म्हणाले, "हे पाठ केलं हाये तिनं. सकाळपासून मलेच विचारून राहिली, आज वार कोणता म्हणून."

मुलगा हसला. "सर, तुमी मायचं मनावर घेऊ नोका. वय झालं. तिलेच वार ध्यानात राहत नाही."

सगळे हसले. सरही थोडे हसले, आणि मग माझ्याकडे न पाहता गाडीत चढले. पोरीने माझ्या हातातून डबा घेतला आणि खिडकीशी जाऊन बसली. बाकीच्या पोरी खिडक्यांतून हात हलवत होत्या. तिने मात्र गाडी सुटायच्या आधीच पडदा ओढून घेतला. उजेड तिला अजून सहन होत नाही.