ओलाव्यातून गेलेली वीज

ती आर्वीहून एसटीने रोज आमच्या वर्ध्याच्या कॉलेजात संशोधनाला यायची. काचेवर सिलिका आणि कार्बनच्या मिश्रणाचा पातळ थर चढवायचा आणि त्यातून वीज किती वाहते ते मोजायचं, हे तिचं काम. मी शेजारच्याच टेबलावर काम करायचे; मोजताना ती थराशीच बोलायची, "चाल नं बापा, काऊन रुसून राह्यला?"

एका पावसाळ्यात वीज अचानक भरपूर वाहू लागली. तिची शिष्यवृत्ती वाढवायची की नाही, ते ठरवायला बाहेरून आलेले प्राध्यापक मीटरवरचा आकडा पाहून खूश झाले. तिने मात्र त्यांच्यासमोरच तो थर गरम करून वाळवला आणि पुन्हा मोजला. आकडा पार खाली आला.

"सर, हे कार्बनचं काम नाई. हवेतला ओलावा थरात शिरलता, वीज त्याच्यातून गेली. मले हे पुन्हा करा लागते."

प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला आणि ते म्हणाले, "करा. वेळ देतो."

पुढच्या मे महिन्यात, कोरड्याठाक हवेत, तिच्या नव्या थरातून वीज भरपूर वाहिली. ती आमच्या कॉलेजची आहे, हे मी हल्ली कुणी न विचारताच सांगते.